मागे ‘बॉम्बे, १९४३’ लिहिलेला फोटो

नागपुरातल्या महाल भागातल्या एका परिचित कुटुंबाची पत्र्याची ट्रंक ४ डिसेंबर २०२३ला उघडली, तेव्हा तिच्यात दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजांचे ३१ फोटो निघाले. घरातले एक आजोबा तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीत होते, एवढीच माहिती होती. फोटो कुठले, कधीचे, कोणत्या जहाजांचे, हे शोधण्याचं काम २० जुलै २०२४ला संपलं. २२ फोटोंचं जहाज, जागा आणि काळ ठरला, ६ फोटोंचं फक्त जहाज कळलं, ३ फोटोंचं काहीच कळलं नाही. विदर्भात अशा ट्रंका अजून असतील. त्या उघडणाऱ्याला पहिल्या दिवसापासून काय करायचं ते कळावं म्हणून हे क्रमाने लिहितो आहे.

पहिले दहा दिवस जहाजांकडे पाहिलंच नाही, फक्त कागद सांभाळला. काळ्या पानांच्या अल्बममध्ये डिंकाने चिकटवलेले फोटो सोलून काढायचे नाहीत. अख्खं पान स्कॅन करायचं. सुटे फोटो कडेने धरायचे. क्रमांक टाकायचा तो मागच्या बाजूला, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने, फोटो काचेवर पालथा ठेवून आणि जोर न देता. पेन नको, स्टिकर नको, टेप तर अजिबात नको. नागपूरकरांसाठी एक खास सूचना: कूलरच्या खोलीत फोटो ठेवू नका. उन्हाळ्यातली कोरडी हवा फोटो वाकवते, पण कूलरच्या ओलाव्याने फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो आणि प्लास्टिकला चिकटतो. चिकटलेला फोटो सुटताना चित्र घेऊनच सुटतो. पॉलिएस्टरची ५० पाकिटं ९०० रुपयांना मिळाली. ती स्टीलच्या कपाटात, मधल्या कप्प्यात ठेवली.

स्कॅनिंग सीताबर्डीवरच्या दुकानात करून घेतलं, एका बाजूचे ३० रुपये. ३१ फोटोंच्या ६२ बाजूंचे १,८६० झाले. मागची बाजू कोरी दिसली तरी स्कॅन करायची, कारण कागदाच्या कंपनीचा फिकट छाप तिथेच असतो. दुकानदाराला तीन गोष्टी आधी सांगाव्या लागतात: १२०० डीपीआय (इंचाला १२०० बिंदू), टिफ फाइल, आणि ‘ऑटो करेक्शन’ पूर्ण बंद. धूळ काढणारं सॉफ्टवेअर डोलकाठीवरची बारीक तार आणि रडारची काडी धूळ समजून पुसून टाकतं, आणि काळ ठरतो तो नेमका त्या काड्यांवरून. ६ बाय ९ सेंटिमीटरच्या फोटोला १२०० डीपीआयवर साधारण २,८०० बाय ४,२०० बिंदू मिळतात. त्यापुढे वाढवलं तर कागदाचा कण मोठा होतो, माहिती वाढत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग ४५० रुपयांना घेतलं. पडद्यावर न दिसलेल्या दोन गोष्टी त्यात दिसल्या.

सगळ्यात मोठा वेळ खाल्ला तो फोटो क्रमांक ७ ने. त्याच्या मागे निळ्या शाईत ‘बॉम्बे, १९४३’ असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. भिंगातून पाहिल्यावर रेघेच्या वळणावर शाईची गुठळी दिसली. हा बॉलपेन आहे. बॉलपेन सर्रास विक्रीला आले ते युद्ध संपल्यावर, अमेरिकेतसुद्धा १९४५च्या ऑक्टोबरअखेर. म्हणजे ही ओळ फोटोबरोबर लिहिलेली नाही, नंतर कधीतरी आठवणीतून लिहिलेली आहे. मागच्या मजकुराला साक्षीदार मानावं, पुरावा मानू नये. घरच्यांना हे सांगताना अवघड जातं, कारण अक्षर आजोबांचं असतं. पण माणूस खोटं लिहीत नाही, तो वीस वर्षांनी आठवून लिहितो, एवढा फरक समजावून सांगितला की पटतं.

यानंतर प्रत्येक फोटोसाठी एक कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे ‘याच्या आधीचा नाही’, उजवीकडे ‘याच्या नंतरचा नाही’. जहाजाचं नाव शेवटी येतं. आधी नाव ठरवलं की डोळा त्या नावाला सोयीचंच बघत राहतो. ब्रिटिश बांधणीच्या जहाजांवर डावी बाजू भरायला काही खुणा फार उपयोगी पडतात. जहाजाच्या पोटाभोवती बाहेरून जाड केबल गुंडाळलेली दिसली तर फोटो १९३९च्या शेवटाआधीचा नसतो. जर्मन चुंबकीय सुरुंग २३ नोव्हेंबर १९३९ला शूबरीनेसच्या चिखलात अखंड सापडला, आणि त्यानंतर जहाजांचं चुंबकत्व मारणाऱ्या केबली घाईने बसवल्या गेल्या. जहाजाच्या पुलाजवळ, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या उंच भागाजवळ, कंदिलासारखी पारदर्शक दंडगोल खोली दिसली तर ते २७१ प्रकारचं रडार, जे समुद्रावर आलं १९४१मध्ये. डोलकाठीच्या टोकाला पिंजऱ्यासारखी अँटेना, नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, एकदम २४ बॉम्ब फेकणारं हेजहॉग, जुन्या चारनळी मशीनगनच्या जागी २० मिलिमीटरच्या ऑर्लिकॉन तोफा, अशा प्रत्येक गोष्टीने डावी बाजू पुढे सरकते. उलटी वाट मात्र धरायची नाही. रडार दिसत नाही म्हणून फोटो जुना, असं म्हणता येत नाही, कारण सेन्सॉरवाले छापण्याआधी रडार आणि जहाजाचा क्रमांक ब्रशने पुसत. डोलकाठीभोवतीचं आकाश जास्त गुळगुळीत, कणविरहित दिसलं तर तिथे ब्रश फिरलाय असं समजावं.

रंगांबद्दलही सावध राहायचं. त्या काळातल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा आणि निळा रंग फिकट उमटतो. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तेच जहाज वेगळं दिसतं. म्हणून ‘गडद पट्टा आहे’ एवढंच लिहायचं, ‘काळा पट्टा’ नाही.

फोटो ७ मध्ये दोन मोठी जहाजं नांगरलेली आहेत. पुढच्यावर तोफांचे चार-चार नळ्यांचे दोन मनोरे, दोन्ही नाळेकडे, आणि धुराडं मागे कललेलं, मागच्या बुरुजाशी एकजीव झालेलं. सगळ्या जड तोफा पुढे असलेली ब्रिटिश जहाजंही आहेत, नेल्सन आणि रॉडनी, पण त्यांना तीन नळ्यांचे तीन मनोरे. फ्रेंच डंकर्क आणि स्ट्रासबूर या ठेवणीच्या, पण त्या २७ नोव्हेंबर १९४२ला तूलाँ बंदरात त्यांच्याच लोकांनी बुडवल्या. झाँ बार अर्धवट बांधलेली कासाब्लांकात पडून होती. उरली रिशेलिए, लांबी सुमारे २४८ मीटर. मागचं जहाज विमानवाहू, आणि धुराडं म्हणजे सपाट, प्रचंड भिंतच, पुलापासून सुटी उभी. असं धुराडं अमेरिकेच्या लेक्सिंग्टन आणि सॅराटोगा या दोनच जहाजांना होतं. लेक्सिंग्टन ८ मे १९४२ला कोरल समुद्रात बुडाली.

रिशेलिए आणि सॅराटोगा एका चौकटीत येतात म्हटल्यावर काळाची खिडकी झपाट्याने मिटते. जहाजांच्या रोजच्या हालचाली नेव्हल-हिस्टरी डॉट नेट आणि यूबोट डॉट नेटवर विनामूल्य पाहता येतात. एकाच ठिकाणची तारीख धरू नये, दोन स्वतंत्र ठिकाणी जुळली तरच ती कागदावर घ्यावी. सॅराटोगा ३१ मार्च १९४४ला श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीला आली. रिशेलिए १० एप्रिलला आली. १६ एप्रिलला या दोघींसह दोस्तांचं आरमार सुमात्राजवळच्या साबांगवर हल्ल्यासाठी निघालं, १९ला हल्ला झाला, २१ला परत. ६ मेला जावातल्या सुराबायाच्या मोहिमेसाठी पुन्हा निघालं आणि १७ मेच्या हल्ल्यानंतर सॅराटोगा तिथूनच पुढे गेली. म्हणजे दोघी बंदरात एकत्र नांगरलेल्या असण्याचे दिवस: १० ते १६ एप्रिल, आणि २१ एप्रिल ते ६ मे १९४४. ‘१९४३’ पुसलं गेलं, आणि ‘बॉम्बे’ही डळमळलं. तरी जागा वेगळी सिद्ध करायची असते. जहाजांच्या वेळापत्रकावरून जागा गृहीत धरली, तर पुढे फोटोवरून वेळापत्रक तपासता येत नाही.

मुंबई नाही, हे दोन गोष्टींनी आधी कळलं. मुंबईत उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, त्यामुळे धक्क्यावर, खडकावर ओला काळा पट्टा माणसापेक्षा उंच दिसतो. फोटोतल्या खडकावर तो पट्टा वीतभर होता. त्रिंकोमालीत भरती-ओहोटीचा फरक एक मीटरच्या आतच असतो. दुसरी खूण निशाणांची. नांगरलेलं जहाज जोरदार भरतीच्या ओढीला तोंड करून राहतं, वारा कुठूनही असो. म्हणून मुंबईच्या बंदरात निशाणं पुष्कळदा जहाजाला आडवी फडकतात. ओढ कमी असेल तिथे जहाज वाऱ्याला तोंड देतं आणि निशाण सरळ मागे जातं. फोटोत दोन्ही जहाजांची निशाणं सरळ मागे होती. वारा आणि ओढ एकाच दिशेला असली तर मुंबईतही असं दिसू शकतं, म्हणून ही खूण एकटी वापरायची नाही.

मग डोंगररेषा. जानेवारीत फोटोवर पारदर्शक कागद ठेवून मागच्या डोंगरांची कड पेन्सिलीने काढली आणि गूगल अर्थमध्ये पाण्याच्या पातळीवर ‘उभं राहून’ त्रिंकोमालीच्या आतल्या बंदरातून सगळीकडे पाहिलं. यात एक सेटिंग हमखास नडतं: उंचीचं प्रमाण बरोबर १ ठेवायचं, नाहीतर डोंगर जास्त उभे होतात. झाडांवर विसंबायचं नाही, ८० वर्षांत रान बदलतं, कड बदलत नाही. आज स्वामी रॉकवर दिसणारं कोणेश्वराचं देऊळही शोधायचं नाही, कारण जुनं देऊळ सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं आणि आजची बांधणी युद्धानंतरची आहे.

तीन आठवडे कड जुळली नाही. ऑस्टेनबर्गच्या कड्यापासून सोबर बेटापर्यंत सगळ्या बाजूंनी पाहिलं. एक उतार जुळायचा, दुसरा बिघडायचा. मुंबई नाही हे ठरलेलं, वेळापत्रक त्रिंकोमाली सांगतंय, आणि डोंगर नकार देतायत, तेव्हा हे काम सोडून द्यावंसं वाटतं. उत्तर जहाजावरच होतं. विमानवाहू जहाजाचा पूल आणि धुराडं उजव्या बाजूला असतं. जपानच्या अकागी आणि हिर्यू यांच्यावर तेवढा पूल डावीकडे होता. फोटोत सॅराटोगा वराम्याकडून, मागच्या टोकाकडून, दिसते, म्हणजे धुराडं आपल्याला उजवीकडे दिसायला हवं. ते डावीकडे होतं. निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेली होती.

ही चूक युद्धकाळातल्या छपाईत नेहमी सापडते, कारण फिल्मची चकचकीत आणि मंद बाजू अंधाऱ्या खोलीत अदलाबदल होते. आता प्रत्येक फोटोवर पहिली तपासणी हीच ठेवली आहे: अक्षरं, आकडे, गणवेशाची बटणं, विमानवाहूचा पूल. पुरुषांच्या कोटाचा डावा पदर उजव्यावर येतो. उलट दिसला तर फोटो उलटा. स्कॅन आडवा फिरवला आणि डोंगराची कड एका संध्याकाळी बसली, चायना बेच्या बाजूची टेकडी आणि सोबर बेटाचं टोक दोन्ही. जवळचं टोक दूरच्या टेकडीच्या बरोबर खाली येईल अशी नकाशावर एक सरळ रेघ ओढली, दुसऱ्या जोडीवरून दुसरी. दोन रेघा छेदल्या तिथे फोटो काढणारा उभा होता, धक्क्यावर नाही तर आतल्या बंदरातल्या तिसऱ्या जहाजावर. जुने नाविक नकाशे मिळाले तर ही रेघ कागदावरच काढावी. पडद्यावर कोन मोजताना हात सरकतो.

उलटा फोटो सरळ केला की प्रकाशही बदलतो, हे विसरायचं नाही. पुढच्या रेलिंगचा खांब १०० धरला तर डेकवर त्याची सावली साधारण ११९ येत होती, म्हणजे सूर्य सुमारे ४० अंश वर. डेकच्या फळ्यांवरून सावलीचा तिरकेपणा सुधारून घ्यावा लागतो. तरीही पाच अंश इकडेतिकडे होतातच, म्हणजे वेळेत वीसेक मिनिटं. आधी उजेड पश्चिमेचा वाटला होता, सरळ केल्यावर तो पूर्वेचा निघाला. सकाळ. एप्रिलअखेर तिथे सूर्य एवढा वर येतो तेव्हा जहाजावरच्या घड्याळात सुमारे ९.४० झालेले असणार. इथे एक खड्डा आहे: १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ भारतात घड्याळं एक तास पुढे होती, म्हणजे ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे, आणि सिलोनमध्येही युद्धात साडेसहाच चालत. आजच्या ॲपमध्ये ८.४० येतं, त्यात तास मिळवावा लागतो. मुंबईच्या युद्धकाळातल्या फोटोत टॉवरचं घड्याळ पावणेदोनच्या आसपास आणि सावल्या सगळ्यात आखूड दिसल्या तर दचकू नये, त्या वेळचा खरा मध्यान्ह तोच. सावलीवरून तारीख मात्र काढू नये. विषुववृत्ताजवळ आठवड्याभरात सावली इतकी थोडी बदलते की फोटोवर ती मोजता येत नाही.

फोटो १२ लवकर सुटला. लहान जहाज, पोटावर इंग्रजी ‘जे’ अक्षर, २४ आणि पुढचा आकडा लाटेत. १९४०नंतर जे म्हणजे सुरुंग काढणारी, के म्हणजे कॉर्व्हेट-फ्रिगेट, यू म्हणजे स्लूप (ही काफिल्यांचं रक्षण करणारी छोटी युद्धजहाजं). आपली एचएमआयएस (ब्रिटिशकाळातल्या भारतीय नौदलाच्या जहाजांच्या नावाआधीची अक्षरं) बंगाल जे २४३, आणि तिच्याच बाथर्स्ट वर्गाची ऑस्ट्रेलियन कॅसलमेन जे २४४. दोघी सारख्याच, म्हणून आकारावर वाद घालून उपयोग नव्हता. भिंगातून शेवटच्या आकड्याचा वरचा गोल कंस दिसला, चारचा कोन नाही. बंगाल ऑगस्ट १९४२मध्ये सेवेत आली, तेव्हा डावी बाजू तिथून सुरू.

कागदपत्रांची वाट या सगळ्याबरोबर चालू होती. दिल्लीतल्या एका अभिलेख कार्यालयाला ३ जानेवारीला स्पीड पोस्टने अर्ज पाठवला, फोटोच्या छायाप्रती जोडून, ‘ही जहाजं ओळखून द्यावीत’ असा. २६ मार्चला उत्तर आलं की फाइल क्रमांक कळवा. चूक अर्जाची होती. कार्यालय फोटो ओळखत नाही, कागद शोधून देतं. दुसऱ्या अर्जात एकच जहाज, दोन तारखा आणि एकच प्रश्न ठेवला: ‘अमुक ते अमुक तारखेदरम्यान हे जहाज मुंबईत होतं का?’ उत्तर चार आठवड्यांत आलं. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोधताना नावांची जुनी इंग्रजी रूपं टाकावी लागतात: जमना, नर्बदा, किस्तना, कॉव्हरी. यमुना किंवा कृष्णा टाकलं तर युद्धकाळातलं काही सापडत नाही. नर्बदा आणि गोदावरी फाळणीत पाकिस्तानकडे गेल्या, त्यांच्या १९४७नंतरच्या नोंदी इकडे शोधू नयेत. लंडनमधल्या क्यू भागातल्या अभिलेखागारात मोठ्या जहाजांच्या नोंदवह्या आहेत, छोट्यांच्या बहुतेक राहिलेल्या नाहीत. अमेरिकेने युद्धकाळातल्या पुष्कळ जहाजांच्या डेक लॉगची पानं ऑनलाइन ठेवली आहेत. नांगर टाकताना घेतलेले दिशाकोन त्यात असतात, म्हणून डोंगररेषेवरून आलेली जागा तिथे पडताळता येते.

फोटो १९ साठी मुंबईला जावंच लागलं. मागे ‘दिल्ली, वॉर टाइम’. एका धुराड्याची क्रूझर, मागे गेटवे आणि ताज. युद्धात एचएमएस दिल्ली नावाची क्रूझर होतीच, पण ती १९१८ची, दोन धुराड्यांची. आपली दिल्ली म्हणजे पूर्वीची अकिलीझ, ५ जुलै १९४८ला भारताकडे आलेली. अकिलीझला मूळ चार मनोरे होते. ५ जानेवारी १९४३ला ग्वादलकनालजवळ बॉम्बने मागच्या दोहोंपैकी वरचा उद्ध्वस्त झाला आणि पोर्ट्समथच्या दुरुस्तीत त्या जागी विमानविरोधी पॉम-पॉम तोफा बसवल्या. जहाज मे १९४४मध्ये परत सेवेत आलं. फोटोत तीन मनोरे आहेत. निशाण पांढरं, क्रॉसचं. इथे बहुतेक जण फसतात: १५ ऑगस्ट १९४७ला ते निशाण बदललं नाही, २६ जानेवारी १९५०ला बदललं, आणि त्याच दिवशी एचएमआयएसचं आयएनएस झालं.

विदर्भ एक्सप्रेसने जाणं-येणं आणि एक मुक्काम मिळून ४,२०० रुपये लागले. एलिफंटाच्या लाँचमधून जाताना गेटवेचा घुमट आणि ताजचा घुमट यांच्यातलं अंतर कसं मिटत जातं ते पाहिलं. फोटोइतकं अंतर आलं तिथे वेळ लिहून ठेवली आणि परतीला पुन्हा पडताळली. सोमवारी लेणी बंद असतात, लाँच कमी सुटतात. भरतीचं कोष्टक आधी पाहून जावं, कारण गेटवेच्या किती पायऱ्या उघड्या आहेत ते भरतीवर ठरतं आणि फोटोतल्या पायऱ्या मोजता येत असतील तर तुलना त्याच पातळीवर करता येते. नौदल गोदीच्या दिशेने कॅमेरा धरायचा नाही. वही पुरते.

जागा पक्की झाली, काळ पूर्ण मिटला नाही. अकिलीझ १९४४मध्ये हिंदी महासागरातल्या आरमारात होती, म्हणून ती तेव्हा मुंबईत आली असण्याची शक्यता फोटो स्वतः नाकारत नाही. दुसऱ्या अर्जाच्या उत्तराने फक्त काही आठवडे बाद झाले. तिसरा अर्ज करण्याएवढा नेमका प्रश्न हातात नव्हता.

शेवटचे दोन आठवडे पाकिटांवर लिहिण्यात गेले. फोटोवर काही लिहिलं नाही, आजोबांची ओळही खोडली नाही. प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी, तिच्यावर ठरलेलं, कशावरून ठरलं, आणि न ठरलेलं, तीन वेगळ्या परिच्छेदांत. झेरॉक्स आणि टपालाचे ३९० धरून एकूण खर्च ७,८०० रुपये झाला. फोटो ७ च्या चिठ्ठीवर लिहिलं: ‘त्रिंकोमाली, आतलं बंदर. रिशेलिए आणि सॅराटोगा. १० ते १६ एप्रिल किंवा २१ एप्रिल ते ६ मे १९४४, सकाळी सव्वानऊ ते दहाच्या सुमारास. प्रिंट उलटी छापलेली. मागची ओळ युद्धानंतर लिहिलेली. फोटो घरात आहे म्हणून आजोबा त्या दिवशी तिथे होते असं ठरत नाही. प्रिंट दुसऱ्याकडूनही आलेली असू शकते.’ फोटो १९ च्या चिठ्ठीवर: ‘मुंबई, गेटवेसमोर. अकिलीझ किंवा एचएमआयएस दिल्ली. मे १९४४ ते २५ जानेवारी १९५०.’ ट्रंक २० जुलैला महालात परत दिली, तेव्हा घरच्यांनी आजोबांचं सेवापुस्तक शोधायला घेतलं होतं.